सीमेपलीकडे अपघात, बोजा मात्र आपल्या सातबाऱ्यावर

गळीत हंगाम तोंडावर आला की सीमाभागातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरून जातात. शिरोळ-मिरजेकडची वाहने कागवाड, अथणीकडे, कागल-गडहिंग्लजची निपाणी, संकेश्वरकडे, जतची विजयपूरकडे. कारखाना इकडचा आणि ऊस तिकडचा, नाहीतर ऊस इकडचा आणि कारखाना तिकडचा. हद्द नकाशावर असते, उसाला ती ठाऊक नसते. द्राक्षाच्या आणि भाजीपाल्याच्या पिकअप तर पार हैदराबाद, बेंगळुरूपर्यंत जातात. अशा दिवसांत शिवारात फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो : "साहेब, गाडीचा विमा संपलाय. तिकडं कर्नाटकात काही झालं, तर लायसन जातंय का?"

शेतकरी बंधूंनो, प्रश्न चुकीचा नाही, पण भीती चुकीच्या ठिकाणी आहे. विमा नसलेल्या गाडीचा परराज्यात अपघात झाला, तर लायसन ही त्यातली सर्वांत लहान गोष्ट. लायसन तीन महिन्यांसाठी जाईल आणि परत येईल. खरा धोका आहे तो गाडीला, आणि गाडीच्या मागोमाग जमिनीला. "ते प्रकरण तिकडचं, इकडं कोण विचारतंय" ही जी समजूत गावोगाव आहे, ती मोडून काढण्यासाठी हा लेख आहे. हे काम खरे तर परिवहन खात्याचे; पण ट्रॅक्टर हे आज नांगराइतकेच शेतीचे अवजार झाले आहे, म्हणून बोलणे भाग आहे.

लायसनचा विषय आधी संपवून टाकू. मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि तो साऱ्या देशाला एकच आहे. आपले लायसन जसे बेळगावात चालते, तसे बेळगावात केलेल्या गुन्ह्यासाठी ते अडकूही शकते. मात्र केवळ विमा नाही म्हणून लायसन निलंबित करा, असे कायद्याचे कलम सांगत नाही. विम्याशिवाय गाडी चालवण्याचा गुन्हा कलम १९६ खाली येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये आहे. ही शिक्षा चालवणाऱ्याला आहे, तशीच चालवू देणाऱ्या मालकालाही आहे, हे लक्षात असू द्या.

लायसन जाते ते दुसऱ्या कारणांनी. बेदरकार चालवणे, दारू पिऊन चालवणे, वेगमर्यादा मोडणे अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवतात. तो अधिकारी तुमचे म्हणणे ऐकून घेऊन पहिल्या वेळी तीन महिने लायसन बंद ठेवू शकतो, पुन्हा तसेच घडले तर ते रद्दच होते. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०१५ साली सर्व राज्यांना आणखी स्पष्ट कळवले होते : मालवाहू गाडीत जादा माल भरला, किंवा मालवाहू गाडीत माणसे बसवली, तरी किमान तीन महिने लायसन निलंबित करावे. आता आपल्या ट्रॉल्या डोळ्यांपुढे आणा. जादा माल आणि वर बसलेली माणसे, दोन्ही एकाच वेळी. म्हणजे विमा असो वा नसो, अपघाताच्या दिवशी लायसन धोक्यात असतेच. अधिकाऱ्याचा आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत अपील करता येते. पण निलंबनाच्या काळात गाडी हाती घेतली, तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. "आमच्या आर.टी.ओ.ला काय कळतंय" असे म्हणायचे दिवसही आता गेले. लायसनची नोंद 'सारथी'वर आणि गाडीची 'वाहन'वर असते. गाडीचा नंबर टाकला की विम्याची तारीख कागवाडच्या नाक्यावरही दिसते.

आता गाडीकडे वळू. गंभीर अपघात झाला की पोलीस पंचनामा करून गाडी ठाण्यात लावतात. विमा असेल तर कागदपत्रे दाखवून, कोर्टाचा आदेश घेऊन ती सुपूर्दनाम्यावर सुटते. विमा नसेल तर? सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की, अपघातात सापडलेली बिनविम्याची गाडी मालकाने नुकसानभरपाईपुरते पुरेसे तारण दिल्याशिवाय सोडू नये. तारण दिले नाही तर तीन महिन्यांनंतर गाडीचा जाहीर लिलाव करावा आणि ती रक्कम भरपाईसाठी न्यायाधिकरणात जमा करावी. ऐन हंगामात ट्रॅक्टर तीन महिने परक्या ठाण्याच्या आवारात उभा राहिला, तर मालकाचे काय होते हे तुम्हाला सांगायला नको. टोळीला दिलेली उचल अंगावर, बँकेचा हप्ता सुरू, आणि ट्रॅक्टरवर धूळ.

यापुढचा भाग कोणी सांगत नाही, म्हणून तो जरा सावकाश वाचा.

समजा, अथणीच्या पुढे रात्री ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकली. ट्रॉलीला मागे दिवा नाही, तांबडे परावर्तक नाहीत. मोटारसायकलवरचा माणूस जागीच गेला. वय ३२, महिन्याची कमाई १५,००० रुपये, मागे बायको, दोन मुले आणि आई. भरपाई कशी काढायची याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत घालून दिली आहे, आणि देशभर त्याच रीतीने हिशोब होतो. स्वतःचा धंदा करणारा आणि चाळिशीच्या आतला म्हणून कमाईत पुढच्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१,००० रुपये. चार जण अवलंबून म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा, राहिले १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. या वयाला गुणक १६. गुणाकार करा : ३०,२४,००० रुपये. अंत्यविधी आणि कुटुंबाच्या इतर हानीपोटीची रक्कम वेगळी, आणि दावा दाखल झाल्यापासूनचे व्याज वेगळे. मोटारसायकलवाल्याचीही काही चूक ठरली तर त्या प्रमाणात रक्कम कमी होईल. पण ट्रॉलीला दिवा नसताना मालकाने त्या आशेवर राहू नये.

थर्ड पार्टी विमा असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. विमा नाही, म्हणजे ती मालकाने आणि चालकाने भरायची. चालक बिचारा रोजंदारीवरचा, त्याच्याकडून काय निघणार? तेव्हा सगळ्यांची नजर मालकाकडे वळते, आणि मालकाकडे जमीन असते.

नोटीस कानडीत, वसुली मराठीत

दावा कुठे लावायचा हे मृताच्या वारसांच्या हाती असते. अपघात झाला तिथे, ते स्वतः राहतात तिथे, किंवा गाडीमालक राहतो तिथे, यांपैकी कुठल्याही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ते जाऊ शकतात. साहजिकच ते आपल्या गावाजवळच्या कोर्टात जातात. तिथून मालकाला नोटीस येते. अनेकदा ती कानडीत असते. घरात कोणाला वाचता येत नाही. मग ती देव्हाऱ्यामागे किंवा पासबुकात ठेवून दिली जाते, नाहीतर पोस्टमनला "घेत नाही म्हणा" असे सांगितले जाते. नोटीस नाकारली म्हणजे दावा थांबला, असे होत नाही. मालक हजर राहिला नाही की कोर्ट एकतर्फी निकाल देते. मग मृताची कमाई खरोखर किती होती, चूक कोणाची किती, यातले काहीच मालकातर्फे मांडले जात नाही.

निकालानंतर मालकाने पैसे भरले नाहीत तर वारस कलम १७४ खाली अर्ज करतात. न्यायाधिकरण त्या रकमेचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवते, आणि जिल्हाधिकाऱ्याने ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. मालक दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात असला तरी? त्यासाठी महसूल वसुलीचा १८९० चा, इंग्रजांच्या काळातला कायदा अजून जिवंत आहे. एका जिल्ह्याचा कलेक्टर दुसऱ्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडे दाखला पाठवतो, आणि दुसऱ्याने ती रक्कम जणू आपल्याच जिल्ह्याची थकबाकी समजून वसूल करायची. बेळगावचा कागद कोल्हापूर-सांगलीला येतो, तिथून तहसीलला, आणि तहसीलमधून आपल्या तलाठ्याच्या टेबलावर.

पुढचे सारे आपल्या ओळखीचे. मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा, आणि शेवटी जमिनीची अटकावणी व लिलाव. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हे मार्ग १९६६ पासून आहेत. बोजा चढला की सोसायटीचे पीककर्ज अडते, वाटणीपत्र अडते, विक्री अडते. म्हणजे २,००० रुपयांच्या दंडाला जो भ्याला नाही, त्याची जमीन अडकते.

तलाठी भाऊसाहेबांना (शासनाच्या नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी) इथे एक विनंती. असा कागद आला की शेतकरी तुमच्याकडे धावत येतो आणि "रक्कम चुकीची आहे" म्हणून भांडतो. रक्कम कमी करण्याचा अधिकार तुम्हाला नाही आणि तहसीलदारांनाही नाही. तो न्यायाधिकरणाचा आणि वरच्या कोर्टाचा आहे. ही गोष्ट त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, म्हणजे तो कचेरीचे हेलपाटे घालण्यात महिने घालवणार नाही आणि थेट वकिलाकडे जाईल. कानडी नोटीस घेऊन कोणी आले, तर पोलीस पाटील किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांनी ती वाचून देणारा माणूस गाठून द्यावा. सीमाभागात कानडी वाचणारा माणूस दर दोन गावांआड सापडतो.

हे उलट बाजूनेही लक्षात ठेवा. आपल्या गावचा माणूस तिकडच्या बिनविम्याच्या गाडीखाली सापडला, तर त्याच्या घरच्यांनी अथणीला खेपा घालण्याची गरज नाही. ते राहतात तिथल्या न्यायाधिकरणात दावा लावता येतो. अनेक विधवा भगिनींना हे माहीत नसल्याने दावाच लागत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

विकलेला ट्रॅक्टर, बसलेली माणसे

मालक कोण, यावरही गावात घोळ असतो. जुना ट्रॅक्टर सीमेपलीकडच्या माणसाला विकला, पैसे मोजून घेतले, शंभराच्या स्टँपवर लिहून दिले, आणि आर.सी. बुकावर नाव तसेच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच प्रकरणात निकाल दिला. गाडी दोन-तीन हातांतून पुढे गेली होती, तरी नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, आणि भरपाई त्याच्यावर. घेणाऱ्याने विमा काढला की नाही हे तुम्हाला कळत नाही, पण अपघाताची नोटीस तुम्हालाच येते. तेव्हा गाडी परराज्यात विकली तर आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला आणि नाव चढवण्याचे काम झाल्याशिवाय शेवटचे पैसे घेऊन मोकळे होऊ नका. घेणारा टाळाटाळ करत असेल तर गाडीच देऊ नका.

आता ज्यांचा विमा आहे त्यांच्यासाठी. पॉलिसी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ट्रॉली हे कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र वाहन आहे, तिची नोंद आणि विमा ट्रॅक्टरबरोबर दाखवलेला पाहिजे. दोन ट्रॉल्या असतील तर दोन्हींचा. पॉलिसीवर वापर 'फक्त शेतीसाठी' असा असेल आणि ट्रॅक्टर भाड्याने माती, विटा किंवा दुसऱ्याचा ऊस ओढत असेल, तर कंपनी तेवढ्यावरच हात वर करते. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. शेतीसाठी विमा उतरवलेला ट्रॅक्टर वीटभट्टीच्या मातीसाठी वापरला जात होता आणि ट्रॉलीवरचा मजूर जखमी झाला. कंपनीची जबाबदारी नाही, असे कोर्टाने ठरवले. मजुराचे हाल होऊ नयेत म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत आणि मग ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. मजुराला पैसे मिळाले हे चांगलेच झाले, पण मालक सुटला नाही.

ट्रॉलीत बसलेल्या माणसांचे याहून अवघड आहे. चिंचलीच्या मायाक्काला, सौंदत्तीच्या यल्लम्माला आपल्याकडून ट्रॉल्या भरून माणसे जातात. भावकी असते, लहान मुले असतात, आणि कोणी भाडे दिलेले नसते. पण साध्या पॉलिसीत ट्रॉलीतल्या पाहुण्यांची जोखीम धरलेली नसते. यात्रेला जाताना ट्रॉली उलटली, तर वारस म्हणून दावा करणारी माणसे आपल्याच भावकीतली आणि देणारेही आपणच. अशा दाव्यांनी भावकी कायमची फाटते. यात्रेसाठी एस.टी. किंवा परवान्याची प्रवासी गाडी ठरवा, वर्गणी थोडी वाढेल. ऊसतोडीच्या मजुरांसाठी जादा हप्ता भरून जोखीम घेता येते का, हे कंपनीला विचारा आणि उत्तर पॉलिसीवर लेखी घ्या. एजंटाच्या तोंडच्या "सगळं कव्हर आहे" याला कोर्टात किंमत नाही.

आणखी एक प्रकार सर्रास चालतो. दुपारी अपघात झाला की संध्याकाळी फोनवरून पॉलिसी काढायची. पॉलिसीवर तारखेबरोबर सुरू होण्याची वेळही छापलेली असते आणि अपघाताची वेळ फिर्यादीत असते. ती पॉलिसी त्या अपघाताला उपयोगी पडत नाही, उलट बनवाबनवीचा संशय येतो.

लायसनबाबत एक दिलासा मात्र आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की, हलक्या वाहनाचे लायसन असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकतो. त्याला वेगळी 'ट्रान्सपोर्ट' नोंद नाही, एवढ्या कारणावर कंपनीला अंग झटकता येत नाही. पिकअपवाल्यांचा मोठा प्रश्न यामुळे मिटला.

मग विमा का राहतो? माझ्या पाहण्यात बेफिकिरीपेक्षा वेळेची अडचण जास्त आहे. कर्ज असेपर्यंत बँक विमा बघते, कर्ज फिटले की बघणारा कोणी नाही. हप्त्याची तारीख बहुधा पावसाळ्यात येते, तेव्हा खत-बियाण्यात हात रिकामे झालेले असतात. ऊसबिल हाती येते हिवाळ्यात. मधले चार-पाच महिने गाडी 'चालतंय' म्हणून चालवली जाते. २०१८ पासून नव्या मोटारसायकलला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ती पाच वर्षे संपल्याचे तर घरात कोणाच्या लक्षातही राहत नाही. पीक विम्याची शेवटची तारीख शेतकऱ्याला तोंडपाठ असते, ट्रॅक्टरच्या विम्याची मात्र पॉलिसी शोधून सांगावी लागते.

हप्ता लहान नाही हेही मान्य केले पाहिजे. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता १६,०४९ रुपये, करवेगळा होता. पिकअप चालवून घर चालवणाऱ्याला ही रक्कम एकदम काढणे जड जाते. इथे कारखान्यांनी आणि सोसायट्यांनी पुढे यायला हवे. तोडणी-वाहतूक करार करताना कारखाना विम्याची प्रत घेतो, फाईलला लावतो आणि विसरतो. जानेवारीत ती पॉलिसी संपली तरी वजनकाट्यावर कोणी विचारत नाही. काट्यावर गाडीचा नंबर रोज संगणकात जातोच, त्याच वेळी विम्याची तारीखही दाखवणे अवघड नाही. संपायच्या महिनाभर आधी वाहतूक बिलातून हप्ता कापून परस्पर कंपनीला भरला, तर मालकालाही एकरकमी बोजा वाटणार नाही. ग्रामपंचायतीने करवसुलीच्या वेळी घरोघरच्या ट्रॅक्टरच्या विम्याची तारीख विचारून वहीत लिहिली, तरी पुष्कळ काम होईल.

ज्यांच्या बाबतीत अपघात आधीच घडला आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. घटनास्थळावरून पळू नका. जखमीला दवाखान्यात पोचवणे आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणे ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार नेमलेल्या रुग्णालयात मिळतात, तेव्हा खर्चाच्या भीतीने उपचार थांबवायला लावू नका. माणूस दगावला असेल तर जागेवर पैसे देऊन 'मिटवलं' असा कागद करू नका, मृत्यूचा गुन्हा असा मिटत नाही. नोटीस आली की त्याच तालुक्यातला वकील द्या आणि तारखेला हजर राहा. एकतर्फी निकाल झाला असल्यास तो रद्द करून म्हणणे मांडण्यासाठी ताबडतोब अर्ज करा. निकालावर उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करता येते, मात्र त्यासाठी २५,००० रुपये किंवा निकालाच्या रकमेच्या निम्मी, यांत जी कमी असेल ती रक्कम आधी भरावी लागते. आणि अपिलाच्या आधीही लोक अदालतीचा रस्ता असतो. तिथे वारसांशी बोलून रक्कम आणि भरण्याची मुदत ठरवता येते, आणि तिथे झालेल्या तडजोडीवर पुन्हा अपील होत नाही.